उष्ण जल वितरण, घरगुती

घरात एका ठिकाणी तापविलेले पाणी नळ्यांमधून स्नानगृह, स्वयंपाकघर इ. ठिकाणच्या तोट्यांपर्यंत पोहोचविण्याच्या व्यवस्थेस घरगुती उष्ण जल वितरण असे म्हणतात. प्रस्तुत नोंदीत पाणी तापविण्याच्या साधनांचे वर्णन केलेले नसून तापकापासून दूर असलेल्या तोटीस, विशेषतः स्वयंपाकघरातील सिंकला, गरम पाणी येण्यास विलंब का लागतो व तो कोणत्या उपायांनी कमी करता येतो, एवढ्याच प्रश्नाचा विचार केला आहे. [→ जलतापक].

पाणी वापराच्या जागीच तापविले जात होते तोपर्यंत हा प्रश्न अस्तित्वात नव्हता. महाराष्ट्रातील घरांत न्हाणीघराच्या चुलाण्यावरील हंडा किंवा तांब्याचा बंब हे पाणी तापविण्याचे साधन असे आणि तेथून पाणी बादलीने किंवा घंगाळात नेले जाई. भांडी घासण्यास गरम पाणी लागलेच, तर ते चुलीवरील पातेल्यात तापवीत. रोमन स्नानगृहांतही पाणी तापविण्याची कांस्यपात्रे भट्टीवर, स्नानाच्या दालनांना लागूनच बसविलेली असत. त्यांची मांडणी व्हिट्रूव्हिअस याने आपल्या वास्तुशास्त्रविषयक ग्रंथात दिली आहे. लंडनमध्ये बेंजामिन वॉडी मॉन याने १८६८ मध्ये वायूवर चालणारा तात्कालिक तापक तयार केला. त्याने दिलेले ‘गीझर’ हे नाव भारतात आजही सर्व प्रकारच्या जलतापकांना लावले जाते. नॉर्वेत जन्मलेला एडविन रूड या अभियंत्याने १८८९ च्या सुमारास पिट्सबर्ग येथे स्वयंचलित साठवण तापक सिद्ध केला. एकाच तापकावर सर्व घर चालविणे यामुळे शक्य झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ऐसपैस पसरलेली एकमजली घरे मोठ्या प्रमाणावर बांधली गेली. त्यांत तापक बहुधा मोटारखान्यात किंवा तळघरात आणि स्वयंपाकघर घराच्या दुसऱ्या टोकाला अशी स्थिती वारंवार आढळते. दूरच्या तोटीचा प्रश्न तेथे जितका परिचित आहे, तितका तो भारतात अलीकडेपर्यंत नव्हता. कारण येथे प्रत्येक स्नानगृहात स्वतंत्र गीझर बसविण्याची पद्धत आहे. गच्चीवरील सौर तापकांच्या प्रसाराबरोबर मात्र तो येथेही उद्भवला आहे.

विलंबाची कारणे : तोटी उघडल्यावर प्रथम थंड पाणी येते याचा दोष बहुधा तापकाला दिला जातो आणि त्याचे तापमान वाढविले जाते किंवा तो बदलून मोठा बसविला जातो. यामुळे विलंब फारसा कमी होत नाही. तापकातील पाणी गरम असतेच. परंतु तापक व तोटी यांच्यामधील नळीत मागील वापरानंतर उरलेले व निवलेले पाणी आधी बाहेर पडावे लागते. म्हणजे विलंब हा मुख्यतः दोन राशींवर अवलंबून असतो : नळीत मावणारे पाणी आणि ते बाहेर काढणारा प्रवाह. पहिल्या राशीला दुसरीने भागले असता किमान विलंब मिळतो.

नळीत मावणारे पाणी तिच्या लांबीच्या सम प्रमाणात, पण आतील व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १० मिमी. आतील व्यासाच्या नळीत दर मीटरला सु. ०.०८ लि., १५ मिमी. नळीत ०.१८ लि., २० मिमी. नळीत ०.३१ लि. आणि २५ मिमी. नळीत ०.४९ लि. पाणी राहते. तापक सिंकपासून नळीच्या मार्गाने १५ मी. दूर असून नळी २० मिमी. व्यासाची असल्यास तीत सु. ४.७ लि. पाणी असते. तोटीचा प्रवाह मिनिटास ६ लि. असेल, तर ते निघून जाण्यास ४७ सेकंद लागतात. तेच अंतर १५ मिमी. नळीने जोडल्यास २७ सेकंद आणि १० मिमी. नळीने जोडल्यास सु. १२ सेकंद पुरतात. बाजारात ‘अर्धा इंची’, ‘पाऊण इंची’ म्हणून मिळणाऱ्या नळ्यांचा आतील व्यास त्या नावाशी तंतोतंत जुळत नाही. प्लॅस्टिकच्या नळ्यांत तो बराच कमी असू शकतो. त्यामुळे हिशोब करताना प्रत्यक्ष मोजलेला व्यास घेणे इष्ट असते.

वरील आकडे किमान होत. प्रत्यक्षात विलंब यापेक्षा जास्त असतो, कारण पुढे सरकणारे गरम पाणी वाटेत नळीची भिंत तापवीत जाते व आपल्या पुढील थंड पाण्यात काही अंशी मिसळते. जस्तलेपित लोखंडी नळीत ही हानी विशेष जाणवते. २० मिमी. च्या अशा नळीचे वजन दर मीटरला दीड किग्रॅ. हून अधिक असते आणि तिची भिंत तापविण्यास आतील पाणी तापविण्यास लागणाऱ्या उष्णतेच्या जवळजवळ निम्मी उष्णता खर्ची पडते. सीपीव्हीसी किंवा जालबंधित पॉलिएथिलीन यांच्या नळ्या हलक्या असल्याने या बाबतीत सरस ठरतात. प्रवाह मंद असल्यास गरम पाणी वाटेत अधिक काळ रेंगाळते व त्याची उष्णता अधिक प्रमाणात जाते. म्हणून तोटी थोडीशी उघडून वाट पाहिल्यास एकंदर पाणी कमी नव्हे, तर अधिकच वाया जाते. तात्कालिक वायुतापक असल्यास त्याची ज्योत पेटून उष्णता विनिमयक तापेपर्यंतचे काही सेकंद यात मिळवावे लागतात.

पाण्याच्या बचतीसाठी योजिलेल्या उपायांनीही हा विलंब वाढविला आहे. अमेरिकेत नळ्यांचे व्यास ठरविण्याची पद्धत प्रामुख्याने रॉय बी. हंटर यांनी नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत केलेल्या व १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामावर आधारलेली आहे. त्या काळच्या तोट्या व शौचकुंडे आजच्यापेक्षा पुष्कळ अधिक पाणी घेत. १९९२ च्या ऊर्जा धोरण अधिनियमानंतर तेथे नव्या तोट्यांच्या प्रवाहावर मर्यादा आली व ती पुढे मिनिटास सु. ८.३ लि. अशी स्थिरावली. तोटीचा प्रवाह घटला, पण तिच्यामागील नळीचा व्यास मात्र तोच राहिला. परिणामी, जेवढे पाणी पूर्वी अर्ध्या मिनिटात निघून जाई त्यास आता अधिक वेळ लागू लागला.

स्वयंपाकघरातील वापराची तऱ्हा या दृष्टीने सर्वांत प्रतिकूल म्हणावी लागेल. स्नानास एकदाच पुष्कळ पाणी लागते व आरंभीचे थंड पाणी बादलीत इतर पाण्याबरोबर सामावून जाते. सिंकपाशी मात्र दिवसातून अनेक वेळा, थोडे थोडे पाणी घेतले जाते. एखादे भांडे विसळण्यासाठी गरम पाण्याची तोटी वीस सेकंद उघडली, तर हाती थंड पाणीच येते. परंतु तेवढ्या वेळात तापकातून दोन लि. गरम पाणी नळीत शिरलेले असते व ते पुढील वापरापर्यंत तेथेच निवते. गरम पाणी मिळत नाही आणि उष्णता मात्र खर्च होते. एकदांडी मिश्रण तोटीची दांडी मधोमध ठेवण्याची सवय असल्यास ही हानी वापरणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

मापन : कोणताही उपाय योजण्यापूर्वी विलंब मोजून पाहणे उपयुक्त ठरते. सकाळी प्रथमच तोटी पूर्ण उघडून हातास पाणी गरम लागेपर्यंतचे पाणी बादलीत धरावे व ते मापाने मोजावे. नळीची लांबी व आतील व्यास यांवरून काढलेल्या आकारमानाशी ते ताडून पाहावे. मोजलेले पाणी थोडे अधिक भरले, तर ते स्वाभाविक होय. ते दुपटीहूनही अधिक भरल्यास नळी समजुतीपेक्षा लांबच्या मार्गाने गेली असण्याचा किंवा एखाद्या सदोष मिश्रण तोटीतून थंड पाणी गरम नळीत शिरत असण्याचा संभव असतो. अशा वेळी दोष दुरुस्त करणे हाच उपाय होय.

नळ्यांची मांडणी : विलंब मुळातच टाळण्याचा मार्ग म्हणजे तापक व तोटी यांच्यामधील पाणी कमी ठेवणे. तो घर बांधतानाच अनुसरता येतो. स्वयंपाकघर व स्नानगृह पाठीला पाठ लावून बांधल्यास आणि तापक त्यांच्या मध्ये बसविल्यास बहुतेक प्रश्न उरत नाही. वास्तुरचनेत हे साधणे नेहमीच शक्य नसते, हे खरे. पण तापकाची जागा केवळ उरलेली जागा म्हणून ठरविली जाते, असाही अनुभव आहे. वायुतापक मात्र केवळ जवळ म्हणून बंदिस्त स्नानगृहात किंवा स्वयंपाकघरात बसविणे धोक्याचे असते. अपूर्ण ज्वलनाने निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडामुळे मृत्यू ओढवतात. तेथे खेळत्या हवेची जागा हीच पहिली अट होय.

अमेरिकेत पर्यावरण रक्षण संस्थेच्या ‘वॉटरसेन्स’ योजनेखाली २००९ पासून नव्या घरांसाठी जे निकष लावण्यात आले, त्यांत तापक किंवा अभिसरण नळी यांपासून कोणत्याही तोटीपर्यंतच्या नळीत अर्धा गॅलन, म्हणजे सु. १.९ लि., यापेक्षा अधिक पाणी असू नये, असे घालून देण्यात आले. लांबी किंवा व्यास यांवर नव्हे, तर आकारमानावर मर्यादा घातली गेली, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. ही मर्यादा पाळण्याची एक रीत म्हणजे तापकापाशी एक वितरक बसवून प्रत्येक तोटीस त्यापासून स्वतंत्र बारीक नळी नेणे. दुसऱ्या रीतीत एकच मुख्य नळी सर्व तोट्यांच्या जवळून फिरविली जाते व तिला अगदी आखूड शाखा काढल्या जातात.

नळी बारीक करण्यास दाबाची मर्यादा पडते. प्रवाह तोच ठेवल्यास घर्षणामुळे होणारी दाबाची घट व्यासाच्या साधारणपणे पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. व्यास निम्मा केल्यास ती सु. ३२ पट होते. मिनिटास ६ लि. पाणी १५ मी. लांबीच्या १५ मिमी. नळीतून नेताना सु. अर्ध्या मीटर उंचीइतका दाब खर्च होतो, तर १० मिमी. नळीत तो ३ मीटरांहून अधिक होतो. अमेरिकेत वा यूरोपात पाणी थेट शहराच्या दाबाने येत असल्याने एवढी घट सहज सोसते. गच्चीवरील टाकीतून केवळ गुरुत्वाने पाणी घेणाऱ्या घरात, विशेषतः सर्वांत वरच्या मजल्यावर, एकूण उपलब्ध दाबच तीन मीटरांच्या आसपास असतो. तेथे १० मिमी. नळी बसविल्यास गरम पाणी लवकर नव्हे, तर धारेऐवजी थेंबाथेंबाने येईल. म्हणून परदेशी पुस्तकांतील बारीक नळ्यांची शिफारस येथे दाब वाढविणारा पंप असल्याखेरीज जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. १५ मिमी. पर्यंत मात्र बहुधा अडचण येत नाही आणि पाऊण इंची नळी सवयीने टाकण्याचे कारण उरत नाही.

निरोधन : नळीवर फेसरूप रबर किंवा तत्सम निरोधकाचे वेष्टन घातल्याने पहिल्या वापराच्या वेळचा विलंब कमी होत नाही, रात्रभरात वेष्टित नळीही निवते. त्याचा लाभ एकापाठोपाठ होणाऱ्या वापरांत दिसतो. २०° से. तापमानाच्या हवेत १५ मिमी. च्या उघड्या तांब्याच्या नळीतील पाणी ५५° से. वरून ४०° से. पर्यंत निवण्यास सु. पाव तास लागतो, तर १३ मिमी. जाडीच्या वेष्टनाने हा काळ दुपटीहून अधिक होतो. न्याहारीची भांडी व त्यानंतर अर्ध्या तासाने घासलेली भांडी यांच्या दरम्यान नळी गरम राहते, एवढे यातून साधते. वेष्टन स्वस्त असल्याने नव्या बांधकामात नळी भिंतीत बुजविण्यापूर्वी ते घालणे केव्हाही योग्य. भिंत फोडून घालण्याइतके ते लाभदायक नाही.

अभिसरण : मोठी उपाहारगृहे, रुग्णालये इ. इमारतींत दूरच्या टोकापासून तापकापर्यंत परतीची नळी टाकून गरम पाणी पंपाने सतत फिरते ठेवतात. त्यामुळे तोटी उघडताच गरम पाणी मिळते. तापक तळघरात व तोट्या वर असल्यास हे अभिसरण पंपाविना, गरम व थंड पाण्याच्या घनतेतील फरकानेही होऊ शकते.

घरगुती वापरात सतत अभिसरण ही महागडी सोय ठरते. जाताना १५ मी. व परतताना १५ मी. अशी ३० मी. नळी चांगली वेष्टित असली, तरी दर मीटरमागे सु. ८ वॉट याप्रमाणे तिच्यातून सु. २४० वॉट उष्णता अखंड बाहेर पडते. दिवसाकाठी ही हानी ५.८ किलोवॉट-ताससच्या घरात जाते. याउलट, १०० लि. पाण्याचे तापमान ३०° से. ने वाढविण्यास केवळ ३.५ किलोवॉट-तास लागतात. म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरलेल्या पाण्यापेक्षा अधिक उष्णता नळ्या तापत्या ठेवण्यात जाते. अभिसरण नसताना, नळी दिवसातून दहा वेळा भरली व दहाही वेळा पूर्ण निवली असे धरले, तरी उष्णतेची हानी १.६ किलोवॉट-तासांपेक्षा अधिक होत नाही, मात्र सु. ४७ लि. पाणी, वर्षाकाठी १७,००० लिटरांहून अधिक, वाहून जाते. सतत अभिसरणाने पाणी वाचते, पण ते इंधनाच्या मोबदल्यात. ठराविक वेळीच पंप चालविणारे घड्याळ बसविल्यास हानी बरीच कमी होते.

या दोहोंचा मेळ घालणारी योजना म्हणजे मागणीनुसार अभिसरण. यात सिंकखाली एक छोटा पंप बसवितात. कळ दाबली की तो गरम नळीतील निवलेले पाणी ओढून परतीच्या नळीने तापकाकडे पाठवितो आणि गरम पाणी येऊन पोहोचताच तापमान ओळखणारा खटका त्यास थांबवितो. पंप दर वेळी मिनिटभरच चालत असल्याने त्याची वीज नगण्य असते. परतीची स्वतंत्र नळी नसल्यास थंड पाण्याच्या नळीचाच परतीसाठी उपयोग करतात. त्यामुळे जुन्या घरातही हा उपाय भिंती न फोडता योजता येतो. थंड तोटीस थोडा वेळ कोमट पाणी येते, हा त्याचा दोष होय. अनेक बिऱ्हाडांच्या इमारतीत थंड नळी सामाईक असल्यास मागे ढकललेले पाणी शेजाऱ्याच्या तोटीस जाण्याचाही संभव असतो, म्हणून योग्य जागी एकदिश झडपा बसविल्याखेरीज ही जोडणी करू नये.

सिंकजवळील तापक : लहानसा विद्युत् तापक सिंकजवळ बसविणे हा भारतात सर्वांत रूढ झालेला उपाय आहे. ३ लि. धारणेचा व ३ किलोवॉट शक्तीचा तापक २५° से. चे पाणी ६०° से. पर्यंत सु. अडीच मिनिटांत तापवितो. साठा संपल्यावर मात्र तो मिनिटास सु. २ लि. एवढेच पाणी २०° से. ने तापवू शकतो. त्यास १३ अँपिअर प्रवाह लागत असल्याने त्याची जोडणी साध्या, कमी क्षमतेच्या खटक्यावर करणे धोक्याचे असते.

हा तापक थंड नळीवर बसविण्याऐवजी दूरच्या तापकाकडून येणाऱ्या गरम नळीवरच बसविला, तर आरंभीचे थंड पाणी तो तापवितो व पुढे मुख्य तापकाचे गरम पाणी आपोआप येऊन मिळते. या जोडणीत एक चूक नेहमी होते. नळीत ४.७ लि. थंड पाणी असता मधला तापक ३ लिटरांचाच असल्यास प्रथम गरम, मग कोमट व नंतर पुन्हा गरम असे पाणी येते. त्याची धारणा नळीतील पाण्याच्या किमान दुप्पट असावी.

आरोग्य : नळीतील पाणी लवकर गरम व्हावे म्हणून तापकाचे तापमान बेसुमार वाढविणे योग्य नव्हे; ६०° से. च्या पाण्याने सु. ५ सेकंदांत त्वचा गंभीर भाजू शकते. याउलट, इंधन वाचविण्यासाठी ते फार खाली ठेवणेही हितावह नाही. १९७६ च्या जुलैमध्ये फिलाडेल्फिया येथे एका संमेलनास आलेल्या लोकांत फुप्फुसदाहाची साथ उद्‌भवली. तिच्या कारक जंतूचा शोध १९७७ च्या आरंभी लागून त्यास पुढे लिजिओनेला हे नाव मिळाले. ती साथ वातानुकूलन यंत्रणेशी संबंधित मानली गेली. पण तोच जंतू इमारतींच्या उष्ण जल नळ्यांतही वाढतो, असे नंतर आढळून आले. २०° ते ४५° से. या तापमानाचे साचलेले पाणी त्यास मानवते. दूरच्या सिंकच्या नळीत निवत पडणारे पाणी नेमके याच पट्ट्यातून जाते. यामुळे साठवण ६०° से. ला ठेवावी व पाणी तोटीपाशी किमान ५०° से. ने यावे, असा संकेत अनेक देशांत रूढ आहे. जर्मनीतील तांत्रिक नियमांनुसार तापकापासून तोटीपर्यंतच्या नळीत ३ लिटरांहून अधिक पाणी राहत असल्यास अभिसरणाची किंवा नळी तापती ठेवण्याची तजवीज करावी लागते. अनेक दिवस बंद राहिलेल्या घरात आल्यावर गरम पाण्याची तोटी प्रथम काही मिनिटे पूर्ण वाहू देणे, हे यामुळेच इष्ट होय.

सौर तापकांचा प्रश्न : महाराष्ट्रातील शहरांत गच्चीवर सौर तापक व तेथून खाली प्रत्येक बिऱ्हाडात गरम पाण्याची नळी अशी रचना पुष्कळ इमारतींत आढळते. चार मजली इमारतीत तळमजल्यावरील सिंकपर्यंत नळीची लांबी २० मी. सहज भरते, २० मिमी. व्यासाच्या नळीत एवढ्या लांबीला सु. ६.३ लि. पाणी मावते. सामाईक उभी नळी याहून रुंद असल्याने प्रत्यक्ष पाणी आणखी अधिक असते आणि सकाळी प्रथम तोटी उघडणाऱ्या बिऱ्हाडास ते सर्व सोडून द्यावे लागते. मागाहून उठणाऱ्यांना गरम पाणी लवकर मिळते, यावरून अशा इमारतींत होणाऱ्या तक्रारींचा उलगडा होतो.

येथे तापक तोट्यांच्या वर असल्याने पंपाविना अभिसरण होऊ शकत नाही; हलके गरम पाणी वरच राहते व थंड पाणी नळीच्या तळाशी बसून राहते. पंपाने अभिसरण केल्यास परतलेल्या पाण्यामुळे टाकीतील गरम व थंड पाण्याचे थर ढवळले जातात आणि सूर्यास्तानंतर गेलेली उष्णता भरून निघत नाही. त्यामुळे सौर तापकाच्या बाबतीत पंप सकाळच्या मोजक्या वेळेपुरताच चालविणे, उभ्या नळीस उत्तम वेष्टन घालणे व तिच्यापासून बिऱ्हाडातील शाखा १५ मिमी. व्यासाच्या आणि शक्य तितक्या आखूड ठेवणे, एवढे उपाय व्यवहार्य ठरतात. स्वयंपाकघरातील नळी तर पुष्कळदा स्नानगृहाच्या नळीला वळसा घालून पुढे नेलेली असते. ती उभ्या नळीपासून स्वतंत्र घेतल्यास लांबी बरीच घटते. जेथे यांपैकी काहीच करता येत नाही तेथे आरंभीचे पाणी बादलीत धरून ते भाज्या धुणे, पीठ मळणे, लादी पुसणे किंवा झाडांना घालणे यांसाठी वापरतात. पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी मात्र लोखंडी किंवा जुन्या नळीत रात्रभर साचलेले गरम नळीचे पाणी घेऊ नये. त्यात धातूचे अंश थंड नळीतील पाण्यापेक्षा अधिक उतरलेले असतात. अशा घरांत पीठ मळण्याचे पाणीही थंड तोटीचेच घ्यावे.